चमचाभर नको, वाटीभर हवी!

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विषयांवर मोठमोठ्या वक्त्यांनी विचार मांडले आहेत. आज मात्र एक बँकेतला कारकून आपल्यापुढे उभा आहे आणि त्याचा विषय आहे कोशिंबीर. पत्रिकेत विषय वाचून काही जण हसले, हे मला कळले आहे. मीही दोन वर्षांपूर्वी हसलो असतो. मी काही डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. बळवंत कॉलेजातून बी.ए. झालो आणि आकडेमोडीच्या नोकरीला लागलो. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या घरात घडला आहे.

माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती. अभ्यासाला बसली की पेंगायची. जिना चढला की धाप लागायची. आम्ही म्हणालो, रात्री मोबाईल बघत बसते, दुसरे काय! एकदा तिच्या वर्गातल्या मुलींची रक्ततपासणी झाली. तिचे हिमोग्लोबिन निघाले ८.६. पंधरा वर्षांवरील मुलींना आणि स्त्रियांना ते निदान १२ असावे लागते. डॉक्टरांनी तिच्या आईचेही रक्त तपासायला सांगितले. ते निघाले ९.२. माझे स्वतःचे मात्र १४ च्या वर! एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी आम्ही माणसे. दर महिन्याला पगार येणारे घर. मग हा फरक कुठून आला?

बंधू-भगिनींनो, हे एकट्या माझ्या घरचे दुखणे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील आपल्या देशातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रातही हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे या सभागृहात बसलेल्या दोन भगिनींपैकी एक तरी त्यात असणार.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "घरात खाता काय?" मला नीट सांगता येईना. तेव्हा मी आमच्या धंद्याची सवय कामाला लावली. एक वही घेतली आणि आठ दिवस घरात कोणी काय खाल्ले त्याचा जमाखर्च लिहिला. सकाळी चहा आणि बिस्कीट. दुपारी चपाती आणि बटाट्याची किंवा वांग्याची भाजी. संध्याकाळी भात-आमटी. मध्ये कधी वडापाव, कधी पुड्यातले कुरकुरीत काहीतरी. पालेभाजी आठवड्यात एकदा, तीही रटरटा शिजवून. कच्चे म्हणाल तर कांद्याच्या चार चकत्या आणि कधीमधी काकडीची कोशिंबीर, प्रत्येकी एक चमचा.

आणि वहीत आणखी एक गोष्ट उतरली, ती सांगायला मला आजही संकोच वाटतो. ती चमचाभर कोशिंबीर मला मिळत होती, मुलाला मिळत होती. मुलगी आईबरोबर मागून जेवायला बसायची, तेव्हा भांडे रिकामे झालेले असायचे. आठ दिवसांत माझ्या पत्नीच्या नावापुढे कोशिंबिरीची नोंद फक्त एकदा होती. कुणी मुद्दाम केले नव्हते. पण न लिहिलेला खर्चही खर्चच असतो!

पाला खाणे म्हणजे गरिबी?

मी ठरवले की आता घरात कच्च्या भाज्या, मोडाची कडधान्ये भरपूर खायची. बाजारातून मेथी आणली, मटकी भिजत घातली. पहिला विरोध कोणी केला असेल? माझ्या आईने. ती म्हणाली, "पाला खाऊन दिवस काढलं म्या. आता पगारवाला ल्योक असून सुनंला, नातीला पाला खायला घालतूस व्हय?"

आईचे हे बोलणे समजून घेतले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा-सोळा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो, यांवर आपल्या खानापूर तालुक्यातली हजारो घरे जगली. त्या वर्षी रानात पालाही उगवला नव्हता. पुढे पाऊस झाला, तेव्हा पिकाच्या आधी रानभाजी आली. घोळ, पाथरी, तांदुळजा. ज्वारीच्या रानात पाथरी उपटायची, झटकायची, भाकरीवर ठेवायची, वर एक कांदा बुक्कीने फोडायचा आणि मूठभर शेंगदाणे. करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे खुडून मीठ-मिरचीबरोबर तसेच खायचे. हे तिचे जेवण. तिच्या दृष्टीने ते भुकेचे खाणे आहे आणि बिस्किटाचा पुडा ही सुखाची खूण आहे.

आपल्या समाजाला हे अधिकच लागू आहे. अन्नाशी आपला अपमान जोडला गेला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. महाडच्या त्याच परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना बजावले होते की मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे, शिळे तुकडे सोडा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडले. पण माझे म्हणणे असे की रानातून स्वतःच्या हाताने खुडून आणलेली पाथरी हा कुणाचा तुकडा नव्हता. ती कष्टाची कमाई होती. टाकून द्यायची होती लाचारी. तिच्याबरोबर आपण पौष्टिक खाणेही टाकून दिले. दलितांच्या खाद्यपरंपरेवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. आपल्या घरात काय शिजत होते याची लाज न बाळगता ते लिहून ठेवावे, हे त्यांनी दाखवून दिले. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे.

आमच्या ताटाला डावी-उजवी नव्हती

पुस्तकात वाढलेल्या ताटाचे चित्र असते. उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी, लोणचे आणि चिमूटभर कोशिंबीर. आपल्याही घरात पैसा आला तसे ताट असे सजू लागले, आणि कोशिंबीर तोंडी लावण्यापुरती झाली. मला ती तिथून उचलून ताटाच्या मध्यभागी ठेवायची आहे. पोट भरेल अशी, वाटीभर.

हॉटेलात तिला सलाड म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन भाषेतल्या मीठ या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे मीठ लावलेला भाजीपाला. तेव्हा हे काही फक्त श्रीमंतांचे किंवा परदेशी खाणे नव्हे. गलाईच्या धंद्यासाठी आपल्या भागातली माणसे देशभर गेली आहेत. कर्नाटकात गेलेल्यांनी कोसंबरी खाल्ली असेल. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे आणि लिंबू. गोव्यात सुक्या कोळंबीची किसमूर करतात. भाजलेली कोळंबी, कांदा, ओले खोबरे आणि आंबट. थायलंडमध्ये कच्च्या पपईचा कीस ठेचून त्यात शेंगदाणे आणि लिंबू घालतात. म्यानमारमध्ये आंबवलेल्या चहाच्या पानांत तळलेल्या डाळी, तीळ, शेंगदाणे मिसळतात. लेबनॉनमध्ये शिळ्या रोटीचे तुकडे भाज्यांत घालून जेवतात. आपण शिळी भाकरी ताकात कुस्करून कांद्याबरोबर खातो, त्याचीच ती दूरची बहीण! सगळीकडे गरिबाने हाताशी होते ते एकत्र केले आणि त्यातून पूर्ण जेवण उभे राहिले.

वाटीत चार गोष्टी हव्यात

नुसती काकडी-टोमॅटो चिरली तर पोट भरत नाही. तासाभरात भूक लागते आणि मग माणूस म्हणतो, हे काही आपले काम नव्हे. वाटी भरभक्कम व्हायची तर तिच्यात चार गोष्टी हव्यात.

पहिली, कडधान्य. शंभर ग्रॅम मूग किंवा मटकीत साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. मोड आणले की त्यांत क जीवनसत्त्व तयार होते, आणि लोह अडवून धरणारे फायटेट नावाचे द्रव्य कमी होते.

दुसरी, पाला आणि भाज्या. मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, घोळ. जोडीला गाजर, काकडी, टोमॅटो, कोबी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाने रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत असे म्हटले आहे. एक चमचा कोशिंबिरीने हा हिशेब कसा जुळणार?

तिसरी, दाणे. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतही जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय त्यांत तेल असते. गाजर-पालेभाज्यांतले अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडे तेल लागतेच. आपल्या आज्या प्रत्येक पाल्यावर कूट टाकत, त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

चौथी, आंबट. लिंबू, कच्ची कैरी, आवळा. धान्य, कडधान्य आणि पाल्यातले लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले की ते अधिक शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की हे काम अडते. आपण नेमके तेच करतो. पान पुसले की चहा! जेवण आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्यावा.

करायचे कसे?

आता माझ्या वहीतले प्रकार सांगतो. चार माणसांचे प्रमाण आहे.

मोडाची कोशिंबीर : एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम मूग किंवा मटकी सकाळी भिजत घालावी. रात्री पाणी काढून, धुऊन ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. थंडीत जास्त वेळ लागतो. हे मोड पाच-सात मिनिटे वाफवून गार करावेत. त्यात एक काकडी, दोन टोमॅटो, एक कांदा, दोन गाजरे बारीक चिरून आणि मूठभर कोथिंबीर घालावी. अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट घालावे. एक चमचा तेलाची मोहरी-जिरे-हिरवी मिरची अशी फोडणी द्यावी. लिंबू आणि मीठ अगदी पानावर बसताना. मीठ आधी घातले की पाणी सुटते आणि सगळे लिबलिबीत होते. हिशेब केला तर या वाटीतून प्रत्येकाला सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात. म्हणजे चौथा हिस्सा एका वाटीत आला. जोडीला ज्वारी-बाजरीची भाकरी असली की झाले जेवण.

मेथीचा घोळाणा : हा आपल्याकडे जुना आहे. मेथीची कोवळी पाने धुऊन, निथळून बारीक चिरावी. कांदा, लाल तिखट, मीठ, भरपूर कूट आणि कच्चे तेल घालून हाताने हलके कालवावे. वर लिंबू. कडवटपणा जाणवत नाही. मेथीऐवजी कांद्याची पात किंवा करडईचा कोवळा पाला चालतो.

ज्वारीची कोशिंबीर : अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून सकाळी कुकरला मऊ शिजवावी. पाणी काढून गार झाली की त्यात काकडी, टोमॅटो, कांदा, डाळिंबाचे दाणे, कूट आणि लिंबू. मी ही बँकेत डब्याला नेतो. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरून थट्टा झाली. आता डबा उघडला की चमचे पुढे येतात.

अंड्याची : विट्याच्या आसपास इतक्या पोल्ट्र्या आहेत, तेव्हा अंड्याला तोटा नाही. उकडलेले अंडे चिरून वरच्या कोणत्याही कोशिंबिरीत घाला. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. बाजारातला सुका जवळा भाजून, कांदा-कैरी-कोथिंबीर घालून केला तरी उत्तम.

खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे गॅस नसतो. त्यांनी रात्री मूठभर मूग आणि मूठभर शेंगदाणे वेगवेगळे भिजवावेत. सकाळी मुगावर कपातले उकळते पाणी दोनदा ओतून निथळावे. कांदा, काकडी, लिंबू घातले की झाले. वडापावाच्या गाडीपर्यंत जायला लागतो त्याहून जास्त वेळ लागत नाही.

सांभाळायच्या गोष्टी

एक, भाज्या आधी दोन-तीन पाण्यांतून धुवाव्यात आणि मग चिराव्यात. चिरून पाण्यात टाकल्या की जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. रानभाजी खुडताना फवारणी झालेल्या द्राक्षबागेच्या कडेची खुडू नये.

दोन, मोडांच्या ओलाव्यात जंतूही वाढतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसे यांना मोड कच्चे देऊ नयेत, नीट शिजवून द्यावेत. राजमा आणि सोयाबीन तर कोणीही कच्चे खाऊ नये.

तीन, बुरशी आलेले, कडवट शेंगदाणे भाजून खपवू नयेत. फेकून द्यावेत.

चार, मीठ कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे सगळे मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा असावे. लोणचे, पापड, फरसाण धरून बरे का!

पाच, बीट लाल आहे म्हणून रक्त वाढते हा गैरसमज आहे. बिटात लोह फारसे नाही. खायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अळीव, बाजरी, कडधान्ये, पाला यांचा भरवसा धरा. आणि सर्वांत महत्त्वाचे, रक्त कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. कोशिंबीर खाते म्हणून गोळ्या बंद केल्या, असे कोणीही करू नये.

चिरायचे कोणी?

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. मी घरात घोषणा केली, उद्यापासून वाटीभर कोशिंबीर! पत्नी शांतपणे म्हणाली, "चांगलं आहे. चिरणार कोण?" सकाळी साडेपाचला उठून दोन डबे करणाऱ्या बाईच्या कामात मी आणखी अर्ध्या तासाची भर घातली होती. स्वतःच्या बायकोचे रक्त वाढवायला निघालो होतो, तेही तिच्याच श्रमावर!

त्या दिवसापासून विळी माझ्याकडे आली. पहिल्या आठवड्यात बोट कापले, कांदा जाड झाला, मुलगा हसला. मग मुलालाही काकडी सोलायला बसवले. दुसरा नियम असा केला की कोशिंबिरीच्या चार वाट्या आधी भरायच्या आणि मगच कोणी जेवायला बसायचे. पाहुणा आला तरी भरलेली वाटी उचलायची नाही, पाहुण्याची पाचवी करायची. आता शक्यतो आम्ही सगळे एकत्रच जेवतो. आपण समतेची भाषणे करतो. समता आपल्या स्वयंपाकघरात आली आहे का, हे कोशिंबिरीचे भांडे शेवटी कोणासमोर रिकामे होते यावरून कळते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याचा बैल हरवला होता. तो शोधून, थकून, उपाशी पोटी तो उशिरा सभेत आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. पण तो आल्यावर त्यांनी लगेच उपदेश सुरू केला नाही. आधी त्याला अन्न वाढायला सांगितले आणि तो जेवल्यावर धम्म सांगितला. भुकेल्या माणसाच्या कानात शब्द शिरत नाही, हे तथागतांनी ओळखले. रक्त कमी असलेली आपली मुलगी वर्गात बसते, तेव्हा तिचेही तेच होते. आम्ही तिला आळशी म्हणत होतो.

चार महिन्यांनी मुलीचे हिमोग्लोबिन ११.४ झाले, तिच्या आईचे ११ झाले. डॉक्टर म्हणतात, मुख्य श्रेय गोळ्यांचे. मी मान्य करतो. पण गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही आकडा खाली आला नाही, त्याचे श्रेय वाटीला द्यायला त्यांची हरकत नाही. मुलगी आता बारावी झाली आणि पेंगत नाही.

आईचे सांगायचे राहिले. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याबरोबर गावाकडे आली होती. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी आल्यापासून आमच्याकडचे रान बदलले आहे. तरी बांधाच्या कडेला तिला पाथरी दिसली. वाकली, चार रोपे उपटली, झटकली. मी गंमतीने म्हणालो, "आई, हे तर गरिबीचं खाणं." ती म्हणाली, "गप. नातीसाठी घेतीय."

संस्थेला माझी एक विनंती आहे. जयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला आपण खीर, बुंदी वाटतो, ती जरूर वाटावी. पण तिच्याबरोबर द्रोणभर वाफवलेले मूग, काकडी आणि लिंबूही ठेवावे, आणि ते चिरायला युवक मंडळाने बसावे. विद्यार्थिनींनो, वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. आणि बंधूंनो, उद्या सकाळी घरातली विळी कुठे ठेवलेली असते, तेवढे फक्त विचारा. पुढचे आपोआप कळेल.

 

जय भीम! जय भारत!